तीस जणांच्या फेरीत पक्षी का दिसत नाहीत?

प्रश्न: आम्ही नाशिकमधले हौशी पक्षीनिरीक्षक. दोन वर्षांपूर्वी पाच-सहा जण रविवारी सकाळी बाहेर पडायचो. आता व्हॉट्सअ‍ॅप गटात दीडशे जण आहेत आणि दर फेरीला ३०-३५ माणसं येतात. गेल्या महिन्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर गेलो तर पक्षी बघायच्या मनोऱ्यावर गर्दी झाली, कॅमेरेवाले पुढे धावले, बदकं उठून पार पलीकडे जाऊन बसली. नवी माणसं एकदा येतात, पुन्हा फिरकत नाहीत. एक जण मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावतो, त्याला कसं सांगावं कळत नाही. जवळच्या शाळेने पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी कार्यक्रम मागितला आहे. आणि एक घरचा प्रश्न: आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण तिला यायचंय. कसं जमवावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या गटाला माणसांची कमतरता नाही, उत्साहाचीही नाही. अडचण एवढीच आहे की पाच जणांची पद्धत तुम्ही पस्तीस जणांना लावताय. एका दाखवणाऱ्यामागे १२ माणसं ही आमच्या मते शेवटची मर्यादा, आणि पाण्याच्या काठावर तर १० च बरी. त्यापुढे गेलं की मागच्यांना पुढच्याचं बोलणं ऐकू जात नाही, म्हणून पुढचा आवाज चढवतो. मागच्यांना काही दिसत नाही, म्हणून ते आपसात गप्पा मारतात. पक्षी उठतात ते या आवाजाने आणि हालचालीने. नवा माणूस परत येत नाही, कारण दोन तासांत त्याच्या वाट्याला एकही पक्षी नीट आलेला नसतो. चाळीस नावं कानावर पडली, पण दुर्बिणीत धड एकही नाही, असं झालं की पुढच्या रविवारी कोण उठेल?

म्हणून आधी संख्या बांधा. ३० जण यायचे असतील तर तीन तुकड्या करा आणि त्या तीन वेगळ्या ठिकाणी पाठवा, एकाच वाटेवर एकामागून एक नको. दाखवणारे तीन नसतील तर १२ नावं घेऊन नोंदणी बंद करा, उरलेल्यांना पुढच्या फेरीत पहिला हक्क द्या. कुणाला नाही म्हणायचं जिवावर येतं हे कळतं, पण सगळ्यांना हो म्हटलं की कुणालाच पक्षी दिसत नाहीत. प्रत्येक तुकडीत दोन माणसं ठरलेली असू द्या: एक पुढे चालणारा आणि एक शेवटचा गडी. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही आणि शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. तुमच्या कॅमेऱ्यांच्या तक्रारीतली निम्मी या एका नियमाने मिटते. ज्यांना फोटोच काढायचे आहेत त्यांच्यासाठी महिन्यातून एक वेगळी सकाळ ठेवा. एका जागी तासभर बसायचं, तीन-चारच जण, बोलणं नाही. चांगले फोटो तसेच मिळतात, आणि बहुतेक छायाचित्रकार ते आनंदाने मान्य करतात.

दुसरी गोष्ट, दर वेळी नवं ठिकाण शोधू नका. घरापासून पाच-सहा किलोमीटरच्या आत एक जागा पक्की करा: नदीकाठचा एखादा तुकडा, झाडं असलेलं मैदान, गंगापूर धरणाच्या फुगवट्याचा एखादा कोपरा, काहीही चालेल. तिथे पंधरवड्याला एकदा, वर्षभर जा. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात दोन-तीनदाच जा. नेहमीच्या जागेवर पक्ष्यांची ओळख पक्की होते, आणि एखादा पाहुणा आला की तो लगेच डोळ्यांत भरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिला धोबी पक्षी शेपटी हलवत काठावर दिसला, मार्च-एप्रिलमध्ये तो दिसेनासा झाला, जूनच्या सुमाराला चातक आला, पावसाळ्यात सुगरणींनी बाभळीवर खोपे विणायला घेतले: हे एकाच जागी बघितलं तरच समजतं. दर रविवारी नवा तलाव गाठणाऱ्यांच्या हाती फक्त याद्या राहतात.

वेळेचं गणित सूर्यावर ठेवा, घड्याळावर नको. सूर्योदयाआधी १५ मिनिटं जमायचं. जानेवारीत नाशिकला सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे पावणेसातला जमलं तरी चालतं. मेअखेर मात्र पावणेसहाला हजर व्हायला हवं. झुडपी रानात आणि शेतात पहिले दोन तास सोन्याचे, नंतर पक्षी गप्प होतात. पाणथळीवर बदकं दिवसभर असतात, पण साडेनऊनंतर पाण्यावर हवा थरथरायला लागते आणि दूरचं काहीच स्पष्ट दिसत नाही. आणखी एक चूक फार जण करतात: सकाळी पाण्याच्या पश्चिम काठावर उभं राहतात. सूर्य समोर येतो आणि सगळी बदकं काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा, ऊन पाठीवर घ्या. मग तोच थवा रंगीत होतो.

नांदूर मध्यमेश्वरला तुमचं काय चुकलं असेल याचा अंदाज करता येतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या या बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ पाणी, चिखल आणि बेटं तयार झाली. म्हणून तर तिथे इतके पक्षी येतात, आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण ठरलं. पण उथळ, मोकळ्या पाण्यावर पक्ष्यालाही लांबचं दिसतं. बांधावरून ओळीने चालणारी माणसं त्याला आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या कुंपणासारखी दिसतात. बांधाच्या पाण्याकडच्या नव्हे, जमिनीकडच्या उतारावरून चाला. बघायच्या जागा दोन-तीनच ठरवा आणि तिथेच, वाकून, एकेक करत वर या. वर आल्यावर पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. मनोऱ्यावर एका वेळी सहा जण, १५ मिनिटं, मग पाळी बदलायची. जिन्यावर पावलं आपटली की जवळची बदकं सरकतात, तेव्हा बूट सावकाश टेकवायला सांगा. पांढरा शर्ट, लाल टोपी नको. मातकट, खाकी, शेवाळी चालतं.

बदकं उठण्याआधी सांगतात, ते ओळखायला सगळ्यांना शिकवा. चरणं थांबतं. माना उंच होतात. पांगलेला थवा एकत्र येतो आणि तोंडं खोल पाण्याकडे वळतात. एवढं दिसलं की पुढे एक पाऊलही नको, दहा पावलं मागे. थोड्या वेळात माना पुन्हा खाली जातात. तसं केलं नाही तर थवा उठतो, आणि उठलेला थवा म्हणजे त्या पक्ष्यांची वाया गेलेली ताकद. परतीच्या लांब प्रवासाआधी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते. दिवसात चार गटांनी चारदा उठवलं तर खायचं कधी?

आता नव्या माणसाला पहिला पक्षी नीट कसा दाखवायचा ते बघा. सुरुवातीची दहा मिनिटं दुर्बिणीसाठीच राखून ठेवा, गाडीतून उतरल्यावर लगेच. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ८ पट मोठं आणि पुढची भिंग ४२ मिलिमीटरची. नव्या माणसाला ८ पटच द्या. १० पटीत हाताचा कंप जास्त जाणवतो आणि दिसणारा तुकडा लहान होतो, त्यामुळे पक्षी सापडतच नाही. कमी किमतीत भरमसाट झूम देणाऱ्या दुर्बिणींच्या नादी लागू नका, त्यांत चित्र अंधुक आणि अरुंद येतं. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत फिरवून बसवायचे, नसेल तर बाहेर काढायचे. मग दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करायचं, दोन गोल किंवा काळ्या कडा दिसल्या तर अंतर चुकलंय. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. एखाद्या पाटीवरच्या अक्षरांवर नजर ठेवा. उजवी भिंग हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. आता डावी झाका आणि उजव्या डोळ्याजवळची बारीक कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडी त्या खुणेवर राहू द्या, पुढे दिवसभर फक्त मधलं चाक. ज्यांना वर्षानुवर्षं ‘माझ्या दुर्बिणीतून डोकं दुखतं’ असं वाटतं, त्यांचं दुखणं बऱ्याचदा या कडीपाशी असतं.

पक्षी दुर्बिणीत आणताना नजर पक्ष्यावरून हलवायची नाही. डोळे तिथेच, दुर्बीण उचलून डोळ्यांवर आणायची. नवा माणूस आधी दुर्बिणीकडे बघतो, मग वर बघतो, तोवर पक्षी हरवलेला असतो. आधी स्थिर पक्ष्यावर सराव द्या. वंचक यासाठी उत्तम. काठावरच्या दगडांत तो मातकट, रेघारेघांचा, मान आखडून बसतो. दोन मीटरवर असला तरी अर्ध्या गटाला दिसत नाही. मग कुणाला तरी पिवळी चोच दिसते, मग डोळा, मग अख्खा बगळा. आणि तो उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र उघडतात, जणू दुसराच पक्षी निघाला. ज्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तो पुढच्या रविवारी येतो.

जागा सांगताना ‘तो बघा, तिकडे, झाडावर’ याचा उपयोग नाही. आधी सगळ्यांनी एक ठळक खूण मान्य करायची: वाळलेली बाभूळ, पाण्यातला तिसरा खुंट, पांढरी बोट. झाडाला घड्याळ समजायचं. शेंडा बारा, उजवी बाजू तीन. ‘वाळलेल्या बाभळीवर दोन वाजता, खोडापासून हातभर बाहेर’ म्हटलं की डझनभर माणसं एका दमात तिथे पोचतात. पाण्यावर खुणेपासून ‘दोन बोटं डावीकडे’ सांगा, हात लांब करून बोटांनी मोजायचं.

नाव सांगायची घाई नको. तुमच्यातला जो जाणकार असेल त्याला ही विनंती करा, कारण तोच नकळत इतरांचं बघणं संपवतो. नाव कळलं की माणूस दुर्बीण खाली घेतो. आधी विचारा: साळुंकीपेक्षा मोठा की लहान? चोच कशी? करतोय काय? मग नाव द्या, आणि मराठीच द्या. आपल्या नावांत ओळख भरलेली आहे. थापट्या म्हटलं की रुंद चपटी चोच आठवते, तलवार बदक म्हटलं की शेपटीचं लांब टोक, वारकरी म्हटलं की काळ्या अंगावर कपाळाचा पांढरा टिळा. काठावरचे शेतकरी आणि मच्छीमार वेगळी नावं वापरत असतील तर तीही लिहून घ्या. गटाजवळ असा शब्दसाठा असणं फार मोलाचं आहे.

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावर लावायची एका डोळ्याची दुर्बीण, असेल तर तो पाण्यावर फार कामाचा, पण त्याच्याभोवतीच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. ट्रायपॉड उंच माणसाच्या मापाने लावतात, मग बुटकी माणसं आणि मुलं टाचा उंचावून डोळा लावतात आणि धक्का बसून पक्षी निघून जातो. सर्वांत बुटक्या माणसाच्या मापाने लावा, उंचांनी वाकावं. हात पाठीमागे, डोळा तेवढा जवळ, मनात दहा आकडे मोजायचे आणि बाजूला व्हायचं. दर चार माणसांनंतर पुढच्याने पक्षी अजून भिंगात आहे का ते बघायचं.

यादी एकानेच करायची. बाराजणांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आपापल्या खात्यातून वेगवेगळी यादी टाकली तर तेच पन्नास शेकाटे बारा वेळा नोंदले जातात. एकाने मोजावं, एकाने फोनवर लिहावं, नंतर तीच यादी बाकीच्यांना शेअर करावी. जे ओळखलं ते सगळं लिहायचं, कावळा-पारवाही, तरच ती पूर्ण यादी. मोठा थवा मोजताना दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा, मग तशा किती जागा आहेत ते बघा. खात्री नसेल तर ‘बगळा, जात ठरली नाही’ असं लिहिणं चुकीच्या नावापेक्षा कधीही चांगलं. मर्लिनसारख्या अ‍ॅपने आवाजावरून सुचवलेलं नाव ही फक्त सूचना समजा. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, तिथे माणूसही फसतो. स्वतः पक्षी बघितला किंवा आवाज स्वतःला ओळखता आला तरच नोंद.

मोबाइलवर आवाज वाजवणाऱ्या तुमच्या मित्राबद्दल. चारचौघांत टोकू नका, माणूस दुखावतो आणि पुढे लपून वाजवतो. फेरीआधी एकट्याला गाठा आणि कारण सांगा. त्या आवाजाला पक्षी येतो तो आपल्याला भेटायला नव्हे. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो लढायला येतो. विणीच्या दिवसांत तेवढा वेळ तो चारा आणत नाही, घरटं राखत नाही, आणि उघड्यावर आल्यामुळे शिक्र्याच्या नजरेला पडतो. एका गटाने एकदा वाजवलं तर कदाचित निभावेल, पण लोकप्रिय जागी दर रविवारी चार गट तेच करतात. मग त्या मित्राला काम द्या: थांबल्यावर पहिली तीन मिनिटं कोणते आवाज येतात ते त्याने टिपायचे. ज्याचा कान आवाजाकडे आहे त्याला ते आवडेल.

उन्हाळ्यात एक जास्तीची काळजी घ्या. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, बहुधा चार, खड्यांच्या रंगाची. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली की गटाने जागच्या जागी थांबायचं, पायाखाली बघायचं आणि आलो त्याच वाटेने मागे जायचं. घरटं शोधायचं नाही, फोटोही नाही. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. माणसं तिथे रेंगाळली तर ती परत येत नाही आणि अंडी तापतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं शिकारीच्या व्याख्येतच घातलेलं आहे, हेही गटाला माहीत असू द्या.

फेरीचा निरोप नीट लिहिलात तर निम्मे प्रश्न येतच नाहीत. असा काहीसा: ‘रविवार, सकाळी ६.४५, मंदिरामागचं मैदान. ६.५५ ला निघू, थांबणार नाही. चालणं दीड किलोमीटर, सपाट. जागा १२. पाणी, टोपी, मातकट कपडे, बंद बूट. फोन सायलेंट. खाणं साडेनऊनंतर, पाण्यापासून लांब. दुर्बीण नसेल तर आधी कळवा.’ गटाकडे जादा दोन दुर्बिणी, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं, एक शिट्टी आणि कचऱ्याची पिशवी ठेवा. निघताना आणि परतताना माणसं मोजा. पक्ष्यांना शेव-गाठी घालणारे कुणी दिसले तर नम्रपणे थांबवा. ते खाणं त्यांच्या पोटाचं नाही, आणि ते माणसांच्या मागे लागतात.

शाळेचा कार्यक्रम आनंदाने घ्या, पण साठ पक्ष्यांचे स्लाइड शो नको. ४५ मिनिटं आणि पाच पक्षी पुरेत, तेही शाळेच्या आवारात रोज दिसणारे: साळुंकी, बुलबुल, दयाळ, घार, वेडा राघू. वर्ग साडेदहाला भरत असेल तर तोवर पक्षी गप्प झालेले असतात, म्हणून एक दिवस मुलांना साडेसातला बोलवायची परवानगी मागा. सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. साठ मुलं असतील तर एका सकाळी पंधराच, चार सकाळी करा. पहिली पाच मिनिटं मुलांनी डोळे मिटून बसायचं. कागदाच्या मध्ये आपण, आणि ज्या दिशेने आवाज आला तिकडे एक ठिपका. दंगेखोर वर्गही यात शांत होतो, कारण प्रत्येकाला आपले ठिपके जास्त हवे असतात. मग दोघांत एक दुर्बीण, पट्टा गळ्यात घातल्याशिवाय हातात द्यायची नाही, आणि सूर्याकडे कधीही रोखायची नाही, हे दोनदा सांगा. शेवटी प्रत्येकाने एका पक्ष्याचं चित्र काढायचं, बघून, आठवून नव्हे. चांगला मुहूर्त हवा असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह आहे. ५ ला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ ला सालिम अली यांचा जन्मदिवस. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षीमोजणी असते, तिच्यात १५ मिनिटांची मोजणीही चालते. शाळेच्या एका तासिकेत सहज बसते.

आईंना जरूर न्या. त्यांच्यासाठी फेरीचा एक भाग बैठा करा, आणि खरं सांगायचं तर सगळ्या गटाला तो उपयोगी पडेल. घडीची पाठ असलेली खुर्ची घ्या, तिपाई स्टूल नको, गुडघ्यांना उठताना आधार लागतो. गाडी जिथवर जाते तिथून पन्नास पावलांच्या आत, पाणी आणि एखादं झाड दोन्ही दिसेल अशी जागा निवडा. पूर्वेचा काठ, ऊन पाठीवर. गट चालायला गेला की एक जण त्यांच्याबरोबर बसेल, दर फेरीला वेगळा. त्या दोघांनी त्याच जागेची तासाभराची स्वतंत्र यादी करायची, ईबर्डवर ती एका जागेवरची म्हणून टाकता येते. माणसं बसली की अर्ध्या तासात टिबुकली, तुतवार, खंड्या जवळ येतात आणि आपली कामं करायला लागतात. दुर्बीण जड वाटली तर ८×३२ ची बघा, ती ४२ पेक्षा हलकी असते. आणि कोपर टेकवायला खुर्चीला हात हवेतच.